गट नंबर १२/१ चा '१२ जानेवारी' झाला : सभासदांच्या यादीला नियम कसे लावावेत?

धुऱ्यावरची | सोमवार, सकाळी १०.४२

नमस्कार मंडळी. राळेगाव तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी नोंदणी आणि हिशेबाचं काम पाहते. सभासद बाराशेच्या आसपास, गावं एकवीस. तूर, सोयाबीन, हरभऱ्याची खरेदी, बियाणं-खताचं वाटप आणि शेवटी चुकारे. सगळं एका एक्सेलच्या यादीवर चालतं. ती यादी चार वर्षांत पाच जणांच्या हातून भरली गेली आहे. कोणी मराठीत, कोणी इंग्रजीत, कोणी घाईत गाडीच्या बोनेटवर वही ठेवून लिहिलेलं नंतर टाइप केलं.

मागच्या हंगामात एका काकूंचा तुरीचा चुकारा एकोणीस दिवस अडकला. खाते क्रमांक सोळा आकडी. पासबुकात शेवटचा आकडा ७, आमच्या यादीत ०. टाइप मीच केला होता, दोनदा पाहून. मग कळलं की एक्सेल संख्या म्हणून फक्त पंधरा आकडे जपतं, सोळाव्याच्या जागी शून्य ठेवतं आणि तसं सांगतही नाही. काकू तीन वेळा ऑफिसात आल्या. मृग तोंडावर होता, बियाणं उधारीवर घ्यावं लागलं त्यांना. तिसऱ्या वेळी त्या काही बोलल्याच नाहीत, पासबुक टेबलावर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. ते काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्यानंतर मी यादी ओळीने वाचायला घेतली. गट नंबर १२/१ च्या जागी '१२ जानेवारी' दिसला. दुसऱ्या संगणकावर भरलेल्या गावांत तोच '१ डिसेंबर' झालेला, कारण तिथे तारखेची मांडणी अमेरिकी होती. ४५/२ मात्र जसाच्या तसा, कारण ४५ तारीख नसते. म्हणून एवढे दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. मी घाईघाईने तो रकाना 'मजकूर' केला, तर तिथे ४५६६९ असा आकडा आला. म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेले दिवस. आता आमच्या यादीत ४५६६९ नंबरचा गट आहे.

या हंगामाच्या नोंदणीआधी यादीला पक्के नियम लावायचे आहेत. काय तपासायचं, काय आपोआप दुरुस्त होऊ द्यायचं आणि काय नाही, हे ठरवायला मदत करा. महागडं सॉफ्टवेअर घ्यायची ऐपत नाही. एक्सेल आहे, गूगल शीट आहे, आणि थोडं पायथन शिकायची तयारी आहे.

अंबानगरी | सोमवार, दुपारी १.१५

ताई, मी मूळचा अमरावती जिल्ह्यातला, आता पुण्यात हेच काम करतो. मोठ्या कंपन्यांतही दुखणं हेच असतं, फक्त गट नंबरच्या जागी दुसरं काही असतं.

सगळ्यात आधी आजची यादी जशी आहे तशी एका फाइलीत ठेवून कुलूप लावा. त्यात कोणीही, तुम्हीसुद्धा, काही बदलायचं नाही. दुरुस्ती नवीन रकान्यात, मूळ मजकुराच्या शेजारी. उद्या नियमच चुकीचा निघाला तर परत जायला जागा हवी. ४५६६९ चा १२/१ करता येईल, पण तो १२/१ होता की १/१२ हे मूळ कागदच सांगेल. ती नोंद कोणत्या संगणकावर झाली हे तुम्हाला माहीत आहे, हे तुमचं नशीब.

दुसरं, ज्या आकड्याची आपण कधी बेरीज करणार नाही, ती संख्या नाहीच. खाते क्रमांक, आधार, मोबाईल, पिनकोड, गट नंबर हे सगळे मजकूर. रकाना आधी 'मजकूर' करायचा, मग टाइप करायचं. नंतर केलं तर काय होतं ते तुम्ही पाहिलंच. आधारचे बारा आकडे १.२३ई+११ असे दिसायला लागतात, आणि तशीच फाइल सीएसव्ही (साध्या मजकुराची) करून कोणाला पाठवली की मधले आकडे कायमचे गेले.

आता नियम. सुरुवातीला फक्त साफसफाई : मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा काढणे, मराठी आणि इंग्रजी आकडे एकाच लिपीत आणणे. हे तपासणीच्या आधी झालं पाहिजे, नाहीतर चांगल्या नोंदी लाल होतात. पायथनमधला एक खड्डा सांगून ठेवतो. 'कोणताही आकडा' असा नमुना लिहिला की पायथन मराठी आकडेही चालवून घेतं, जावास्क्रिप्ट घेत नाही. म्हणजे तुमच्या तपासणीत पास झालेली नोंद पुढच्या वेबसाइटवर नापास. आधी लिपी एक करा.

त्यानंतर आकार. मोबाईल दहा आकडी, पहिला आकडा ६ ते ९. आधार बारा आकडी, सुरुवात ० किंवा १ ने होत नाही, आणि शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून गणिताने आलेला असतो. ती व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाची पद्धत, १९६९ ची. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटे पडले तर हमखास पकडते. आयएफएससी अकरा अक्षरी : चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, शेवटी शाखेचे सहा आकडे. पिनकोड सहा आकडी, आपल्या विदर्भात सुरुवात ४४ ने.

आणि प्रत्येक नियमाला तीनपैकी एकच हुकूम द्या. 'थांबव' म्हणजे ही नोंद पुढे जाणार नाही. 'विचार' म्हणजे कोणीतरी माणसाने पाहावं. 'बदल' म्हणजे नियमानेच दुरुस्त करून शेजारी लिहावं. पिनकोड ४४ चा नाही म्हणून कोणाला थांबवू नका. मुलाकडे पुण्याला राहणाऱ्या म्हाताऱ्याचंही वावर तुमच्या गावात असू शकतं.

जुना पटवारी | सोमवार, रात्री ९.०५

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे. संगणकाचं मला फारसं कळत नाही, परंतु क्षेत्राचा रकाना तुम्ही दोघांनीही सोडून दिलात, म्हणून लिहितो. खरी गडबड तिथे असते.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं. एक हेक्टर म्हणजे शंभर आर. तेव्हा एक हेक्टर पाच आर हे १.०५ लिहायला पाहिजे. पण शेतकरी तोंडी सांगतो 'एक हेक्टर पाच आर', आणि लिहिणारा लिहितो १.५. संगणक त्याला दीड हेक्टर समजतो. पंचेचाळीस आरचा फरक, म्हणजे एक एकर साडेचार गुंठे. हमीभावाच्या खरेदीत हेक्टरी उत्पादकतेवरून क्विंटल ठरतात. एकाला त्याच्या हक्कापेक्षा जास्त मिळतं, आणि उलटी चूक झाली की दुसऱ्याचा माल काट्यावरून परत जातो.

एकराचं वेगळंच. आपल्याकडे २.३० एकर म्हटलं की दोन एकर तीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून ते होतात पावणेतीन एकर, म्हणजे १ हेक्टर ११ आर. संगणकाने २.३० जसंच्या तसं घेतलं तर ९३ आर होतात. एक तपासणी मात्र सोपी आहे : एकर-गुंठ्याच्या नोंदीत टिंबानंतर ४० किंवा जास्त आलं तर ते गुंठे असूच शकत नाहीत. उलट बाजूने काही सांगता येत नाही. २.३० हे हेक्टरही असू शकतं. म्हणून माझं स्पष्ट मत, क्षेत्राचा एक रकाना ठेवूच नका. हेक्टर वेगळा, आर वेगळा, असे दोन रकाने करा. टिंबच नको.

आणखी तीन गोष्टी, थोडक्यात. सामाईक खात्यात तीन भाऊ असले तर तिघेही सातबाऱ्यावरचं पूर्ण क्षेत्र आपापल्या नावावर नोंदवतात. खोटेपणा नसतो त्यात, कागदावर तसंच दिसतं. तेव्हा एका गटावरच्या सगळ्या सभासदांच्या क्षेत्राची बेरीज त्या गटाच्या क्षेत्रापेक्षा जास्त होता कामा नये, असा नियम पाहिजे. पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, वजा करा. आणि शेतकऱ्याचं गाव व वावराचा मौजा एकच असला पाहिजे, असा नियम चुकूनही लावू नका. आपल्याकडे किती मौजे रिठी आहेत! गाव उठून पिढ्या झाल्या, माणूस एक राहत नाही, पण सातबारे त्याच मौजाच्या नावाने निघतात.

वर्धा नदीच्या पल्याडची गावं घेणार असाल तर जुन्या कागदांवर गट नंबरऐवजी खसरा नंबर भेटेल. रकान्याचं नाव नुसतं 'गट नंबर' ठेवलं तर ती माणसं काय भरतील?

काटाघर | मंगळवार, सकाळी ७.३०

राम राम. मी जिनिंगच्या काट्यावर हावो, बारा वर्ष झाले. यादीचं तुमी लोकं पाहूनच राह्यले, मी वजनाचं सांगतो.

भरल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, हे तं सगळ्याइले मालूम हाये. पण तपासाचं असते ते वेगळंच. एकच ट्रॅक्टर दिवसातून चारदा येते. त्याचं रिकामं वजन दर खेपेले थोडंसं बदलते, ट्रॉलीत माती असते, पोरं बसून राह्यतात. जर चारही खेपेले रिकामं वजन किलोले किलो सारखंच आलं तं समजाचं का कोणं वजन केलंच नाई, सकाळचाच आकडा उतरवला. नियम नेहमी 'लय फरक आला तं पाहा' असा करतात, आमी 'काहीच फरक नाई तं पाहा' असाही ठेवला. पहिल्याच आठवड्यात दोन खेपा सापडल्या, फेरमाप केलं, शेतकऱ्याचे ४० किलो वाचले.

दुसरं, ओलाव्याचा तक्ता. सीसीआयचा, म्हंजे भारतीय कापूस महामंडळाचा, हिशेब असा का ८ टक्क्यापर्यंत पूर्ण भाव, ८ च्या वर १२ पर्यंत ओलाव्याप्रमाणं कपात, १२ च्या वर घेत नाई. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८११०. ११ टक्के ओलावा निंघाला तं ३ टक्के कमी, म्हंजे ७८६६ रुपये ७० पैसे. आमच्या पोरानं तक्ता बनवला : '८ पर्यंत', '९ ते १२', '१२ च्या वर'. यंत्रावर ८.४ आलं आन संगणकानं भावाच्या जागी शून्य टाकला. शेतकरी पावती घेऊन घरी गेला होता, त्याले गावातून बोलावून आणलं. मधात भोक राह्यलं होतं नं! तेव्हापासून कोणताही तक्ता बनला का आमी पहिले काठावरचे आकडे टाकून पाह्यतो, ७.९, ८, ८.१, १२, १२.१. कोण्याही आकड्याले एकच ओळ लागली पायजे. दोन नाई आन शून्य तं नाईच नाई.

हां, आन भाव तक्त्यात लिवतानी वर्षही लिवा ताई. तुरीचा हमीभाव २०२४-२५ ले ७५५० होता, २०२५-२६ ले ८००० झाला. जुना भाव पुसून नवा टाकला तं मागच्या सालची पावती परत काढतानी हिशेब जुळत नाई.

धुऱ्यावरची | गुरुवार, संध्याकाळी ६.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. पटवारी काकांनी सांगितल्याप्रमाणे क्षेत्राचे दोन रकाने केले. तीन दिवसांत नियम लावून पाहिले आणि पहिल्याच फेरीत १४६ नोंदी लाल झाल्या. माझ्या पोटात गोळाच आला.

मग एकेक उघडून पाहिली. त्यातल्या जवळपास पन्नास नोंदींत शेतकऱ्याची काहीच चूक नव्हती, नियमाची होती. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचा आयएफएससी पाहा : बीकेआयडी, मग शून्य, मग डब्ल्यू-ए-आय-एन-जी-बी. शेवटी आकडे नाहीतच, 'वैनगंगा'मधली अक्षरं आहेत! 'शेवटी सहा आकडे' या नियमाने त्या बँकेतली आमची सगळी माणसं बाहेर काढली. अंबानगरी दादा, राग मानू नका, पण हाच नियम मी 'थांबव' हुकूम देऊन चालवला असता आणि लाल नोंदी न पाहताच खरेदी सुरू केली असती, तर त्यांच्यातल्या कोणालाच चुकारा मिळाला नसता. त्यातले बहुतेक लहान खातेदार आहेत.

दुसरं एक कोडं सुटत नाहीये. 'वऱ्हाडे' आडनावाच्या एका सभासदाची नोंद दोनदा आहे, पण दुहेरी नोंद शोधणारा नियम ती पकडत नाही. दोन्ही नावं शेजारी ठेवून पाहिली. अक्षर न् अक्षर तंतोतंत सारखं. मोकळी जागाही नाही.

अंबानगरी | गुरुवार, रात्री १०.४८

राग कसला ताई, चूक माझीच. शाखेची सहा स्थानं अक्षरं किंवा आकडे काहीही असू शकतात. मी पाहिलेल्या बहुतेक शाखांना आकडेच होते, म्हणून नियम तसा सांगितला. बरोबर नोंदी पाहून नियम बनवला की न पाहिलेली बरोबर नोंद चुकीची ठरते. यापुढे असं करा : नियम आधी फक्त 'विचार'वर ठेवून चालवा. त्याने लाल केलेल्या सगळ्या नोंदी माणसाने पाहिल्या आणि त्यात खोटा गजर नाही असं दिसलं, तरच त्याला 'थांबव'चा हुकूम द्या.

'वऱ्हाडे'चं कोडं आपल्याच भाषेतलं आहे. हा अर्धा ऱ दोन प्रकारे टाइप होतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ ची स्वतंत्र कळ आहे, ती आणि हलन्त. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे उमटतात, संगणकाच्या लेखी मात्र ती वेगळी अक्षरमाला. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत, त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. गोऱ्हे, कऱ्हाडे, पऱ्हाटी, आणि हो, तुमचं इथलं नावसुद्धा. हा मात्र डोळे झाकून 'बदल' देण्यासारखा नियम आहे, कारण त्यात अर्थ बदलत नाही, फक्त लिहिण्याची तऱ्हा एक होते.

तालुक्यांसाठी मात्र टाइप करूच देऊ नका, यादीतून निवडायला लावा. पांढरकवडा लिहिणारे लिहितात, तालुक्याचं सरकारी नाव केळापूर. कारंजा वर्ध्यातही आहे आणि वाशिममध्येही. कळंब यवतमाळचं की धाराशिवचं, सेलू वर्ध्याचं की परभणीचं, मालेगाव वाशिमचं की नाशिकचं? जिल्हा, तालुका, गाव अशी साखळी ठेवा आणि गावाच्या नावाबरोबर सरकारी एलजीडी कोडही (सरकारने प्रत्येक गावाला दिलेला वेगळा क्रमांक) साठवा. खुर्द-बुद्रुकचा घोळ त्यानेच मिटेल.

नावांसाठी साम्य मोजणारा नियम लावता येईल. दोन नावं नव्वद टक्के जुळली, गाव एकच असलं, तर एकत्र करून टाकायची. दुहेरी नोंदी झपाट्याने निघतील.

जुना पटवारी | शुक्रवार, सकाळी ६.५०

नावांच्या बाबतीत मी ठाम विरोध नोंदवतो.

मारोती आणि मारुती. आपल्याकडे एकच माणूस दोन्ही लिहितो, हे खरं. पण माझ्या साझ्यातल्या एका गावात मारोती आणि मारुती असे दोन चुलतभाऊ होते. आडनाव एक. वडिलांची नावं नामदेव आणि महादेव. गटही धुऱ्याला धुरा लागून. तुमच्या यंत्राने त्यांना एक माणूस केलं असतं, आणि एकाच्या नावावर दोघांचा माल चढला असता. फेरफार घेताना मी असल्या नावांपुढे आजोबांचं नाव विचारायचो. कागदावर त्याला रकाना नव्हता, वहीच्या समासात लिहायचो.

बायकांचं तर आणखी नाजूक. माहेरच्या सातबाऱ्यावर एक आडनाव, आधारवर दुसरं, मधल्या नावात कुठे वडील, कुठे नवरा. यंत्र म्हणेल दोन बाया, प्रत्यक्षात एक. एकीकडे दोघांचा एक, दुसरीकडे एकीच्या दोन! नावावरून माणूस ओळखायचं काम नियमाकडे देऊ नका. ते काम त्या गावात बसणाऱ्या माणसाचं.

पैनगंगा | शुक्रवार, दुपारी १२.१०

मी ई-सेवा केंद्र चालवते. बँकेच्या बाजूने दोन गोष्टी सांगते.

आयएफएससीचा आकार बरोबर असला म्हणजे कोड चालू आहे असं नाही. १ एप्रिल २०२० ला आंध्र बँक आणि कॉर्पोरेशन बँक युनियनमध्ये गेल्या, सिंडिकेट कॅनरात, अलाहाबाद इंडियन बँकेत. देना त्याच्या एक वर्ष आधीच बडोद्यात गेली होती. जुनी पासबुकं लोकांच्या ट्रंकेत अजून आहेत, आणि नोंदणीला लोक तीच आणतात. ताईंनी लिहिलेली विदर्भ कोकण ग्रामीण बँकही १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. तेव्हा त्या पन्नास जणांचे कोड 'आकार बरोबर' म्हणून हिरवे करून सोडू नका, बँकेकडून आजचे कोड विचारून घ्या. कोडच्या रकान्याशेजारी 'केव्हा पडताळला' अशी तारीख ठेवा. जुनी तारीख दिसली की आपोआप 'विचार'.

आधारचंही तसंच. शेवटचा आकडा गणितात बसला म्हणजे नंबर टाइप करताना चुकला नाही एवढंच. तो नंबर समोरच्याच माणसाचा आहे हे त्यातून कळत नाही. नवऱ्याचा नंबर बायकोच्या नावापुढे पडलेला मी किती वेळा पाहिला आहे, आणि गणित दोन्हीकडे बरोबर! त्यासाठी सोपा नियम म्हणजे एक आधार दोन नावांपुढे आला की थांबव.

आणि कृपा करून पूर्ण आधार असलेली यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. रोजच्या कामाच्या यादीत शेवटचे चार आकडे पुरेत. पूर्ण नंबर एकाच फाइलीत, कुलूपबंद.

अंबानगरी | शुक्रवार, रात्री ९.३०

पटवारी काका, तुमचं म्हणणं पटलं. एकत्र करण्याचा नियम मी मागे घेतो. साम्याचा उपयोग फक्त संशयित जोड्या शेजारी-शेजारी मांडण्यापुरता. निर्णयाचा रकाना रिकामा, तो माणूस भरेल, आणि कोणी भरला तेही लिहिलं जाईल. तुमच्या समासातल्या आजोबांना मी यादीत खरा रकाना द्यायला सांगेन. 'जोडी संशयित असेल तरच भरा' असा.

ताई, आता एक कंटाळवाणं पण फार कामाचं काम सांगतो. वीस-पंचवीस ओळींची एक छोटी यादी बनवा. त्यात या धाग्यात आलेलं सगळं घाला : १२/१, सोळा आकडी खातं, वैनगंगाचा कोड, दोन्ही प्रकारचा वऱ्हाडे, ८.४ ओलावा, मारोती-मारुती, रिठी मौजा, २.३० एकर. प्रत्येकीपुढे उत्तर काय यायला हवं ते हाताने लिहा. नियमात अक्षर जरी बदललं तरी आधी ही यादी चालवायची. एकही उत्तर फिरलं तर बदल परत घ्यायचा. मोठ्या कंपन्या यासाठी माणसं ठेवतात, तुम्हाला सकाळची दहा मिनिटं लागतील.

आणि लाल नोंदीवर नुसतं 'चूक' असं येऊ देऊ नका. 'खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा ० आहे आणि लांबी १६ आहे, पासबुक पाहा' असं यायला हवं. समोर शेतकरी उभा असतो, टेबलावरच्या मुलीला लगेच कळलं पाहिजे की त्याला काय विचारायचं.

काटाघर | शुक्रवार, रात्री १०.०२

हे वरचं शंभर टक्के. आमच्याकडं मशीन नुसतं 'अवैध' म्हणे. शेतकऱ्याले वाटे माह्या मालालेच नाव ठेवून राह्यले. आता 'रिकामं वजन बाकी हाये' असं लिवून येते, तं तोच म्हणते, थांबा, ट्रॉली खाली करून आणतो.

जुना पटवारी | शनिवार, सकाळी ७.१५

एक सुचवतो. महसुलात चावडी वाचनाची पद्धत आहे. गावातल्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचायच्या, हरकत असेल त्याने तिथेच सांगायची. तुमच्या नियमांतून सुटून आलेली यादी गावागावात वाचा. नाव, वडिलांचं नाव, मौजा, गट, क्षेत्र एवढंच. खातं आणि आधार वाचू नका. संध्याकाळी, मजूर वावरातून परतल्यावर. सकाळी गेलात तर पारावर फक्त म्हातारे भेटतील, बाया मुळीच भेटणार नाहीत.

धुऱ्यावरची | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.४०

उशीर झाला, पण काम करूनच लिहायचं ठरवलं होतं.

एकवीसपैकी चौदा गावांत वाचन झालं. नियमांतून पूर्ण हिरव्या होऊन आलेल्या यादीत वाचनामुळे आणखी ३७ दुरुस्त्या निघाल्या. त्यातली एकही आमच्या कोणत्याच नियमात सापडण्यासारखी नव्हती. एका गावात नाव वाचलं आणि पार शांत झाला. ते दादा दिवाळीनंतर वारले होते. आधार बरोबर, कोड बरोबर, क्षेत्र बरोबर, सगळं हिरवं. त्यांची सून मागच्या ओळीत बसली होती. वाचन संपल्यावर मी तिच्याजवळ गेले. वारसाचा फेरफार अजून व्हायचा आहे, तोवर तिच्या मालाची नोंद कशी घ्यायची हे संचालक मंडळाच्या बैठकीत ठेवलं आहे.

सामाईक खात्याच्या बेरजेचा नियम अकरा गटांवर वाजला. नऊ ठिकाणी भावांनी तिथल्या तिथे पारावर बसून आपापला हिस्सा सांगितला, आम्ही लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. दोन ठिकाणी वाद आहे. तिथे यादीत 'विचार' तसाच ठेवला, कोणाच्या बाजूने काही भरलं नाही.

वैनगंगाच्या कोडवाल्या सगळ्यांची नवीन माहिती बँकेत बसून घेतली. पैनगंगा ताईंनी सांगितलेला तारखेचा रकाना आता प्रत्येक ओळीला आहे. अंबानगरी दादांची छोटी यादी पंचवीसवरून एकतीस ओळींची झाली. नवीन सहा ओळी वाचनातून आल्या. काटाघर भाऊंच्या काठावरच्या आकड्यांनी आमच्या तुरीच्या प्रतवारीच्या तक्त्यातही एक भोक दाखवलं, ते बुजवलं. ४५६६९ चा गट पुन्हा १२/१ झाला, सातबारा समोर ठेवून. तो १/१२ नव्हता.

काकूंच्या खात्याचे सोळाही आकडे मी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचले, त्यांनी पासबुकावर बोट ठेवून एकेक जुळवला. शेवटच्या सातावर बोट जरा जास्त वेळ ठेवलं.

राहिलेली सात गावं या आठवड्यात. पटवारी काका, त्यातली दोन नदीपल्याडची आहेत आणि एक मौजा रिठी आहे. तिथलं वाचन कोणत्या पारावर ठेवायचं? बुधवारी तुम्ही येऊ शकाल का? गाडी पाठवते.

जुना पटवारी | रविवार, रात्री ९.२५

रिठी मौजाचे खातेदार आजूबाजूच्या तीन गावांत पांगलेले असतात. आधी सातबाऱ्यांवरून कोण कुठे राहतं ते काढा, ज्या गावात जास्त असतील तिथे वाचन ठेवा, बाकीच्या दोन गावांत दवंडी द्या. बुधवारी चार वाजता तयार राहतो. गावनकाशा माझ्याकडे आहे, सोबत आणतो.